दीर्घकालीन वेदना, अफूजन्य औषधे आणि व्यसनाधीनतेच्या जोखमीचे मूल्यमापन : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :

वेदनाशमन हे वैद्यकाचे आद्य कर्तव्य मानले गेले आहे. अफू आणि तिच्यापासून मिळणारी किंवा तयार केली जाणारी मॉर्फिन, कोडीन, ऑक्सिकोडोन ही द्रव्ये या कर्तव्यातील अत्यंत प्रभावी साधने होत. परंतु वेदना शमविण्याच्या सामर्थ्याबरोबरच व्यसन जडविण्याचे सामर्थ्यही त्यांच्या ठायी आहे. त्यामुळे हे औषध लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरापुढे एक प्रश्न उभा राहतो : समोर बसलेल्या रुग्णास व्यसन जडण्याचा धोका कितपत आहे? हा प्रश्न वरकरणी निव्वळ वैद्यकीय वाटतो. वस्तुतः त्याला दीड शतकाचा इतिहास असून त्याची उत्तरे कायदा, सामाजिक समजुती, बाजारपेठ आणि पुराव्याचा वापर यांनी वेळोवेळी घडविली आहेत.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या उत्तरांचा ऐतिहासिक आढावा घेण्यात आला आहे. ज्या देशात या उत्तरांची सर्वाधिक किंमत मोजावी लागली, त्या अमेरिकेवर मुख्य भर असून अखेरीस भारतीय अनुभवाशी त्याची तुलना केली आहे.

निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. व्यसनाच्या जोखमीविषयीच्या वैद्यकीय धारणा कशा बदलत गेल्या, याचा मागोवा घेणे.
२. जोखीम मोजणाऱ्या प्रश्नावलींचा उदय कोणत्या परिस्थितीत झाला, हे तपासणे.
३. एका रुग्णसमूहाविषयीचा निष्कर्ष दुसऱ्या समूहास लावल्याने काय घडले, हे स्पष्ट करणे.

संज्ञांचे स्पष्टीकरण :

या विषयात तीन संज्ञांची वारंवार गल्लत होते. तोच परिणाम साधण्यासाठी औषधाची मात्रा वाढवावी लागणे ही शरीराची सवय होय. औषध एकाएकी थांबविल्यास घाम, जुलाब, अस्वस्थता अशी लक्षणे उद्भवणे हे शारीरिक अवलंबित्व होय. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या रुग्णांत या दोन्ही गोष्टी अपेक्षितच असतात. व्यसनाधीनता त्याहून वेगळी आहे. तीत औषधाच्या वापरावरील ताबा सुटतो आणि हानी दिसत असूनही वापर चालूच राहतो. २००१ मध्ये अमेरिकेतील वेदना व व्यसन या क्षेत्रांतील तीन व्यावसायिक संस्थांनी या भेदावर संयुक्त निवेदन काढले. २०१३ च्या मानसविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणातही, वैद्यकीय देखरेखीखाली औषध घेणाऱ्याच्या बाबतीत पहिली दोन लक्षणे निदानासाठी धरू नयेत असे नमूद करण्यात आले. मात्र हा भेद कागदावर जितका स्पष्ट आहे तितका तो दवाखान्यात राहत नाही, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

मॉर्फिन, सुई आणि पहिला इशारा :

जर्मन औषधनिर्माता फ्रीड्रिख सर्ट्युर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून मॉर्फिन वेगळे केले. १८५३ मध्ये एडिंबरा येथील अलेक्झांडर वुड यांनी त्वचेखाली औषध टोचण्याची पद्धत वापरली. मज्जातंतूंच्या जुनाट वेदनेवर हा उपाय इतका गुणकारी ठरला की, सुईने दिलेल्या मॉर्फिनमुळे अफू खाणाऱ्यासारखी सवय लागत नाही, असा समज अनेक डॉक्टरांत रूढ झाला.

या समजाला १८७० मध्ये इंग्लंडमधील क्लिफर्ड ऑलबट यांनी छेद दिला. आपले काही रुग्ण सुईवाचून राहू शकत नाहीत, त्यांची मूळ व्याधीही बरी होत नाही, असे त्यांना आढळले. ज्या वेदनेसाठी औषध द्यायचे, ती वेदना ते औषधच तर पोसत नाही ना, अशी शंका त्यांनी जाहीरपणे मांडली. १८७७ मध्ये बर्लिनचे एडुआर्ड लेव्हिन्श्टाइन यांनी मॉर्फिनच्या व्यसनावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. इतिहासकार डेव्हिड कोर्टराइट यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अफू व मॉर्फिनच्या व्यसनींत मध्यमवर्गीय स्त्रियांची संख्या मोठी होती आणि त्यांच्या व्यसनाचा उगम बहुधा डॉक्टरच्या औषधयोजनेत होता.

या टप्प्यावर ऑलबट यांचा प्रश्न औषधाविषयी होता : किती दिले, किती काळ दिले आणि पुढे काय झाले? पुढील अर्धशतकात या प्रश्नाची दिशा बदलली.

धोक्याचे स्थान : औषध की व्यक्ती?

१९१४ च्या हॅरिसन कायद्याने अमेरिकेत अफूजन्य द्रव्यांवर नियंत्रण आणले. १९१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, केवळ व्यसनी व्यक्तीची सवय चालू ठेवण्यासाठी लिहिलेली चिठ्ठी हा वैद्यकीय उपचार ठरत नाही, असा निर्णय दिला. डॉक्टरांवर खटले भरले जाऊ लागले आणि औषध देण्यातील हात आखडला गेला.

याच काळात सार्वजनिक आरोग्य सेवेतील डॉक्टर लॉरेन्स कोल्ब यांनी १९२५ मध्ये व्यसनी व्यक्तींचे प्रकार पाडणारा निबंध प्रसिद्ध केला. सर्वसामान्य मनोवृत्तीची माणसे उपचारातून अपघाताने व्यसनात सापडतात; परंतु बहुसंख्य व्यसनी मुळातच मानसिकदृष्ट्या दुर्बळ वा विकृत असतात, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. १९३५ मध्ये केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे व्यसनी व्यक्तींसाठी संघराज्य सरकारचे रुग्णालय सुरू झाले, तेव्हा कोल्ब त्याचे पहिले प्रमुख झाले.

कोल्ब यांचा हेतू व्यसनी माणसास गुन्हेगार न मानता रुग्ण मानावे असा होता, हे लक्षात घेतले पाहिजे. परंतु त्यांच्या वर्गीकरणाने एक विचारसरणी दृढ केली. माणसे दोन प्रकारची असतात, सुरक्षित आणि धोक्याची. डॉक्टराने फक्त त्यांना ओळखावे, असे ती सांगते. जोखमीचे स्थान औषधाच्या मात्रेतून व कालावधीतून निघून व्यक्तीच्या स्वभावात गेले. पुढील सर्व प्रश्नावलींच्या मुळाशी हीच विचारसरणी आहे.

भीतीची दुसरी बाजू :

व्यसनाच्या अवास्तव भीतीनेही रुग्णांचे हाल केले. १९७३ मध्ये रिचर्ड मार्क्स व एडवर्ड साचार यांनी न्यूयॉर्कमधील ३७ आंतररुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डॉक्टर आवश्यकतेपेक्षा कमी मात्रा लिहितात, परिचारिका त्याहूनही कमी देतात आणि व्यसन जडण्याची शक्यता डॉक्टर वाजवीपेक्षा अधिक मानतात, असे त्यातून पुढे आले. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये स्थापिलेल्या सेंट क्रिस्टोफर हॉस्पिसमध्ये मरणासन्न रुग्णांना तोंडावाटे नियमित मॉर्फिन देऊनही त्यांची शुद्ध व प्रतिष्ठा राखता येते, हे सिद्ध झाले होते. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची उपचारपद्धती प्रसिद्ध केली.

हे सर्व कार्य मोलाचे होते. त्याचा संबंध मात्र दोन विशिष्ट समूहांशी होता : अल्पकाळ रुग्णालयात असणारे आणि आयुष्याच्या अखेरीस आलेले. कंबरदुखी किंवा सांधेदुखीने वर्षानुवर्षे त्रस्त असलेल्या, कामधंदा करणाऱ्या माणसाविषयी त्यातून काहीच सिद्ध होत नव्हते.

एक पत्र आणि अडतीस रुग्ण :

१० जानेवारी १९८० रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर व हर्शेल जिक यांचे जेमतेम पाच वाक्यांचे पत्र छापून आले. बोस्टन येथील औषध-निरीक्षण प्रकल्पाच्या नोंदींत ३९,९४६ आंतररुग्ण होते. त्यांपैकी ११,८८२ जणांना निदान एकदा तरी अफूजन्य औषध मिळाले होते. पूर्वी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांत व्यसनाची बऱ्यापैकी नोंदलेली केवळ ४ उदाहरणे आढळली.

पत्रातील आकडे चुकीचे नव्हते. परंतु ते रुग्णालयात दाखल असलेल्यांचे होते. घरी गेल्यानंतर महिनोन्महिने औषध घेणाऱ्यांचा त्यात विचार नव्हता, मात्रा व कालावधी यांचाही उल्लेख नव्हता.

दुसरा आधार १९८६ मध्ये मिळाला. रसेल पोर्टेनॉय व कॅथलीन फोली यांनी कर्करोग नसलेल्या ३८ रुग्णांची माहिती मांडली. त्यांपैकी २४ जणांना पुरेसा किंवा समाधानकारक आराम मिळाला आणि केवळ दोघांच्या बाबतीत अडचण उद्भवली. त्या दोघांच्याही पूर्वायुष्यात मादक द्रव्यांचा गैरवापर होता. या निबंधातील एक तपशील पुढे विस्मरणात गेला. दोन-तृतीयांश रुग्णांची दैनंदिन मात्रा २० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या तुल्य मात्रेपेक्षाही कमी होती. म्हणजे हा अनुभव अल्प मात्रेचा आणि निवडक रुग्णांचा होता.

१९८९ मध्ये डेव्हिड वाइसमन व डेव्हिड हॅडॉक्स यांनी ‘आभासी व्यसन’ ही कल्पना मांडली. पुरेशी वेदनाशामके न मिळाल्याने रुग्ण व्यसनी माणसासारखा वागू लागतो, पुरेसे औषध मिळाले की ते वर्तन थांबते, असा तिचा आशय होता. तिचा आधार रक्ताचा कर्करोग झालेल्या एका १७ वर्षीय रुग्णाचा वृत्तांत एवढाच होता. ही कल्पना एखाद्या रुग्णाच्या बाबतीत खरी असू शकते. मात्र तिच्यामुळे धोक्याचे प्रत्येक लक्षण हे मात्रा वाढविण्याचे कारण ठरण्याची वाट मोकळी झाली.

बाजारपेठेचा प्रवेश :

डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पर्ड्यू फार्मा या कंपनीच्या ‘ऑक्सिकॉन्टिन’ या सावकाश शोषल्या जाणाऱ्या ऑक्सिकोडोनच्या गोळीस मान्यता दिली. शोषण सावकाश होत असल्याने गैरवापराची शक्यता कमी होते असे मानले जाते, असे विधान माहितीपत्रकात छापण्यास परवानगी मिळाली. गोळी कुटली की संपूर्ण मात्रा एकदम मोकळी होत असे. एकोणिसाव्या शतकात सुईविषयी जो समज होता, तोच आता गोळीविषयी निर्माण झाला. औषध देण्याची रीत नवी असल्याने जुना धोका उरला नाही, अशी दोन्ही वेळची समजूत होती.

व्यसनाचा धोका एक टक्क्याहून कमी आहे, असे डॉक्टरांना सांगण्याचे प्रशिक्षण कंपनीच्या विक्री-प्रतिनिधींना दिले गेले. १९९६ मधील सुमारे ४.८ कोटी डॉलरची विक्री २००० मध्ये जवळजवळ १.१ अब्ज डॉलरवर पोहोचली. माहितीपत्रकातील उपर्युक्त विधान २००१ मध्ये काढून टाकण्यात आले. २००७ मध्ये कंपनीच्या एका संलग्न संस्थेने व तीन अधिकाऱ्यांनी दिशाभूल करणाऱ्या प्रचाराचा गुन्हा न्यायालयात कबूल केला आणि ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचे मान्य केले. २०२० मध्ये कंपनीने पुन्हा गुन्हे कबूल केले.

तथापि सर्व दोष एका कंपनीवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. तिच्या प्रचारास आधार देणारे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत आधीपासूनच उद्धृत होत होते. मूळ पत्र न वाचता, एकाने दिलेला संदर्भ दुसऱ्याने उचलावा, ही विद्याक्षेत्रातील सवय येथे निर्णायक ठरली.

प्रश्नावलींचा उदय :

जोखीम मोजण्याची साधने या पार्श्वभूमीवर आली, आणि त्यांचा काळ लक्षणीय आहे. औषधयोजना सर्वत्र पसरल्यानंतर ती निर्माण झाली. २००४ मध्ये स्टीफन बटलर व सहकाऱ्यांनी रुग्णाने स्वतः भरावयाची प्रश्नावली तयार केली. २००५ मध्ये लिन वेब्स्टर यांचे ‘ओपिऑइड रिस्क टूल’ प्रसिद्ध झाले. त्यात पाच बाबी होत्या : कुटुंबातील व्यसन, स्वतःचे पूर्वीचे व्यसन, १६ ते ४५ हे वय, बालपणीचे लैंगिक शोषण आणि मानसिक आजार. गुणांची बेरीज ३ पर्यंत असल्यास धोका कमी, ४ ते ७ असल्यास मध्यम आणि ८ वा अधिक असल्यास जास्त, असे सोपे कोष्टक होते.

एकाच वेदना-उपचार केंद्रातील १८५ नव्या रुग्णांवर ते वर्षभर पडताळण्यात आले. कमी धोक्याच्या गटात ५.६ टक्के, तर जास्त धोक्याच्या गटात ९०.९ टक्के रुग्णांत संशयास्पद वर्तन आढळले. हे आकडे प्रभावी होते. परंतु कमी धोक्याच्या गटात अवघे १८ रुग्ण होते, म्हणजे ५.६ टक्के याचा अर्थ केवळ एक रुग्ण. शिवाय येथे मोजले गेले ते संशयास्पद वर्तन. व्यसनाचे निदान नव्हे. बालपणीच्या लैंगिक शोषणासाठी स्त्रीस ३ गुण आणि पुरुषास शून्य गुण होते. ज्या स्त्रीवर अन्याय झाला, तिच्याच नावापुढे धोक्याचे गुण वाढावेत, ही बाब नैतिकदृष्ट्या अस्वस्थ करणारी होती. २०१९ च्या सुधारित आवृत्तीत ही बाब वगळण्यात आली.

२००५ मध्येच डग्लस गुर्ले, हॉवर्ड हाइट व सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग सुचविला. रक्तातून पसरणाऱ्या संसर्गाबाबत जशी प्रत्येक रुग्णाशी सारखीच खबरदारी घेतात, तशीच ती येथेही घ्यावी. निदान, पूर्वेतिहासाची चौकशी, लेखी संमती व करार, वेदना व कार्यक्षमता यांची पुनःपुन्हा तपासणी, हे सर्व प्रत्येकासाठी असावे. कोणता रुग्ण धोक्याचा हे चेहरा पाहून कळत नाही, ही प्रांजळ जाणीव या सूचनेच्या मुळाशी होती.

पुराव्याची फेरतपासणी :

२०१० नंतरच्या दशकात जुन्या गृहीतकांची कठोर तपासणी झाली. २०१५ मध्ये केव्हिन व्होल्स व सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन, दीर्घकालीन वेदनेसाठी ही औषधे घेणाऱ्यांत व्यसनाधीनतेचे सरासरी प्रमाण ८ ते १२ टक्के असल्याचा अंदाज मांडला. २०१४ मधील एका मोठ्या अमेरिकी विश्लेषणात औषधाचा कालावधी व मात्रा वाढली तशी जोखीम तीव्रतेने वाढल्याचे आणि कालावधीचा प्रभाव मात्रेहूनही अधिक असल्याचे दिसून आले. ऑलबट यांचा १८७० मधील प्रश्न पुन्हा केंद्रस्थानी आला.

२०१६ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, रुग्णास कमी वा जास्त धोक्याचा ठरविण्याइतकी अचूकता या प्रश्नावलींत नाही, असे सांगितले गेले. २०१९ मधील एका पद्धतशीर आढाव्यातही त्यांना भक्कम आधार सापडला नाही. २०१७ मध्ये पोर्टर व जिक यांच्या पत्राचा वापर तपासण्यात आला. ६०८ उद्धरणांपैकी ४३९ मध्ये ते व्यसन दुर्मिळ असल्याचा पुरावा म्हणून दिले होते, तर ४९१ मध्ये हे रुग्ण रुग्णालयातील होते याचा उल्लेखच नव्हता. २०१८ मध्ये कंबर, गुडघा व खुबा यांच्या जुनाट दुखण्याच्या २४० रुग्णांवरील वर्षभराच्या चाचणीत, अफूजन्य औषधांनी कार्यक्षमता इतर औषधांपेक्षा अधिक सुधारल्याचे आढळले नाही.

दरम्यान मोठी हानी होऊन गेली होती. २०१२ मध्ये अमेरिकेत अफूजन्य औषधांच्या सुमारे २५.५ कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. त्यानंतर हे प्रमाण घटत गेले. परंतु हेरॉइन व बेकायदा फेंटानिलमुळे मृत्यू वाढतच राहिले. १९९९ ते २०२१ या काळात वैध व अवैध अशा सर्व अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने तेथे जवळजवळ ६,४५,००० माणसे दगावली. दुसरीकडे, २०१६ च्या सूचनांचा यांत्रिक अर्थ लावून वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्यांची मात्रा एकाएकी तोडण्यात आली. त्यातून तीव्र वेदना व आत्महत्येपर्यंतचे धोके उद्भवतात, असा इशारा औषध प्रशासनाला २०१९ मध्ये द्यावा लागला. २०२२ च्या सुधारित सूचनांनी आकड्यांच्या सक्तीऐवजी रुग्णागणिक निर्णयावर भर दिला.

भारतीय संदर्भ :

भारताचा अनुभव याच्या उलट टोकाचा आहे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात परवान्याने अफूची लागवड होते. तरीही देशातील रुग्ण मॉर्फिनला पारखे राहिले. १९८५ च्या अंमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमातील कठोर शिक्षा आणि राज्यागणिक भिन्न परवाने यांमुळे रुग्णालयांनी व औषध दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. पुढील सुमारे बारा वर्षांत मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. व्यसनाची जोखीम येथे रुग्णाच्या संदर्भात तपासलीच गेली नाही. ती कायद्याने सर्वांसाठी सरसकट कमाल धरली.

कालिकत येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या वेदना व परिहार सेवा संस्थेने यास उत्तर दिले. एम. आर. राजगोपाल व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेल्या माहितीनुसार, दोन वर्षांत सतराशेहून अधिक रुग्णांना घरी मॉर्फिन देऊनही गैरवापर वा चोरटी विक्री आढळली नाही. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अंमली औषधे’ असा वर्ग निर्माण करून महाराष्ट्रासह सर्व राज्यांसाठी समान नियमांची वाट मोकळी केली. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल हे औषध मात्र या कायद्याच्या नियंत्रणाखाली आणण्यात आले.

कालिकतचा निष्कर्ष कर्करोगासारख्या गंभीर आजाराच्या परिहार सेवेतील रुग्णांविषयी आहे. तो जुनाट कंबरदुखीस लावणे म्हणजे १९८० च्या पत्राबाबत झालेली चूक पुन्हा करणे होय. त्याचप्रमाणे, अमेरिकेतील हाहाकार दाखवून कर्करोगाच्या रुग्णास मॉर्फिन नाकारणे हीदेखील तीच चूक उलट बाजूने करणे होय.

निष्कर्ष :

१. व्यसनाच्या जोखमीविषयी वैद्यकाने भीती व निश्चिंती यांच्यामध्ये वारंवार हेलकावे खाल्ले. प्रत्येक हेलकाव्याच्या मुळाशी नव्या पुराव्यापेक्षा पुराव्याचे अनुचित स्थलांतर अधिक होते.

२. जोखीम केवळ व्यक्तीच्या स्वभावात शोधणाऱ्या दृष्टीने औषधाची मात्रा व कालावधी या घटकांकडे दुर्लक्ष झाले. ‘कमी धोक्याचा’ असा शिक्का मिळालेला रुग्णही दीर्घकाळ मोठी मात्रा घेतल्यास सुरक्षित राहत नाही.

३. प्रश्नावली संभाषणाचा आरंभ म्हणून उपयुक्त आहेत; निवाडा म्हणून नाहीत. ‘जास्त धोका’ याचा अर्थ उपचार नाकारणे असा घेतल्यास, ज्याला अधिक लक्ष देण्याची गरज आहे तोच वाऱ्यावर सोडला जातो.

४. जोखमीचे मूल्यमापन ही एकदाच करावयाची परीक्षा नसून औषध चालू असेपर्यंत चालणारी देखरेख आहे. वेदना कितपत कमी झाली, माणूस कामाला लागला का, औषध अजून हवे का, हे प्रत्येक भेटीत विचारले जाणे आवश्यक आहे.

५. पाच वाक्यांच्या एका पत्राचा इतिहास सर्वच ज्ञानशाखांतील अध्यापकांस लागू आहे. संदर्भ उद्धृत करण्यापूर्वी मूळ मजकूर वाचणे आणि आकडा कोणाविषयी आहे हे पाहणे, हे संशोधनाचे शिष्टाचार नसून जबाबदारी आहे. ती टाळली गेली तेव्हा तिची किंमत संशोधकांनी नव्हे, रुग्णांनी मोजली.